भात्याचा हात

आमच्या मामंजींच्या तोंडाला कुलूप नव्हतं. भट्टी पेटली की त्यांचं तोंडही पेटायचं, आणि त्यात रोज भाजून निघायच्या सासूबाई. मामंजी ऐरणीपाशी उभे, सासूबाई भात्याची साखळी धरून बसलेल्या. वारा जरा उशिरा आला असं त्यांना वाटलं की, "मेलीस का गं तिकडे?" आणि जरा लवकर आला असं वाटलं की, "तुला कुणी सांगितलं होतं? लोखंड जाळतेस का माझं?"

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंना म्हटलं होतं, "आत्या, एक दिवस ती साखळी सोडून आत येऊन बसा. मग बघू कोण फुंकतं ते." त्या नुसत्या हसल्या. "अगं, त्यांचं बोलणं म्हणजे ठिणग्या. उडतात नि विझतात. सगळ्या अंगाला लावून घेतल्या तर भोकं पडतील." भोकं पडलेलीच होती. त्यांच्या उजव्या बाहीवर ठिणग्यांची इतकी भोकं होती की चाळणी म्हणून पीठ चाळता आलं असतं.

आमच्या ह्यांनी एकदा विजेचा पंखा आणला. बटण दाबलं की वारा, आई सुटली, असा त्यांचा हिशेब. मामंजींनी तो एक दिवस वापरला आणि दुसऱ्या दिवशी काढून कोपऱ्यात टाकला. "याला मागितलं तरी तोच वारा, नाही मागितलं तरी तोच. मुडद्यासारखा फुंकतो नुसता. बसव तुझ्या आईला." सासूबाई परत येऊन बसल्या, आणि लगेच शिवी खाल्ली. मला इतका राग आला होता की त्या दिवशी मी मामंजींना दोनदा वाढलं नाही.

सुगीचे दिवस होते. पहाटे धुकं, दुपारी कणसांची धूळ, आणि लोहाराच्या दारात विळ्यांचा ढीग. पीक उभं असलं की माणसाला दम नसतो. जो तो येऊन म्हणायचा, माझं आधी. मामंजींच्या छातीचं दुखणं जुनं, थंडी पडली की दर वर्षी वाढायचं. जन्मभर धूर गिळलेला. चार घाव घातले की ऐरणीला टेकून उभे राहायचे, ओठांचा चंबू करून श्वास सोडायचे, पुन्हा हातोडा उचलायचे. ठोकायचं काम आमचे हे करू शकत होते. पण पात्याला पाणी पाजायचं, म्हणजे तापलेलं पातं नेमक्या रंगाला पाण्यात घालायचं, ते अजून त्यांना साधलं नव्हतं. रंग चुकला की पातं एक तर मऊ पडतं नाही तर काचेसारखं तुटतं. त्यामुळे मामंजी भट्टीपासून हटायला तयार नव्हते.

त्या सकाळी त्यांनी एक विळा चिमट्यात धरला, पाण्याकडे नेला, आणि मध्येच थांबले. चिमटा हातातून सुटला. विळा मातीत पडून तिथेच काळा पडला. मामंजी ऐरणीच्या ठोकळ्यावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले आणि मान वर करून हवा ओढू लागले. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या ताठल्या होत्या. नखं निळी पडलेली. सासूबाई साखळी सोडून धावल्या. विळे घेऊन आलेल्या एकाचा टेम्पो दारातच होता, त्याच्याच गाडीत घातलं त्यांना.

आमच्याकडचं हॉस्पिटल म्हणजे एक लांबोडका हॉल, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, वर पत्रा. तिथली मोठी सिस्टर बघून मी मनात म्हटलं, झालं, इथेही एक पेटलेली भट्टी आहे. पन्नाशीची बाई, केस घट्ट बांधलेले, गणवेशाची इस्त्री अशी की घडीने बोट कापावं. मी तिथल्या तिथे तिचं नाव कडक इस्त्री ठेवलं. तिने मामंजींना आडवं होऊ दिलं नाही, पाठीशी उशा रचून बसवलं, औषधाची वाफ दिली, नाकाला बारीक नळी लावली. नळीचं दुसरं टोक भिंतीजवळच्या सिलिंडरला. त्यावर एक काचेची नळी होती, तिच्यात वाटाण्याएवढी एक गोळी तरंगत होती. चावी फिरवली की गोळी वरखाली व्हायची. सिस्टरने ती अगदी तळाशी ठेवली.

"या चावीला कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली, आणि पलीकडे एका बाईला उलट्या होत होत्या तिकडे गेली.

मी प्यायचं पाणी आणायला बाहेर पडले. मागे काय झालं ते मला नंतर ह्यांच्याच तोंडून कळलं. हे त्या गोळीकडे बघत बसले होते. बाप समोर हवेसाठी तडफडतोय आणि गोळी तळाशी. लोहाराच्या पोराला काय कळणार दुसरं? आच धरत नसेल तर वारा वाढवायचा, हे त्यांना चालायला लागण्याआधीपासून माहीत. "एवढ्या वाऱ्यावर खिळासुद्धा तापायचा नाही," असं म्हणाले म्हणे, आणि त्यांनी चावी फिरवली. गोळी वर चढली. मामंजींची नखं पाहता पाहता गुलाबी झाली. मग धाप कमी झाली. मग डोळे मिटले.

मी परत आले तेव्हा सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. झोप लागली त्यांना. किती रात्रींनी लागली गं."

मामंजींचा चेहरा तांबूस दिसत होता, कपाळावर घाम. बरं वाटलं मलाही. सासूबाईंनी घाम पुसला, वाकून म्हणाल्या, "अहो, दोन घोट पाणी घेता का?" उत्तर नाही. त्यांनी खांदा हलवला. "अहो." पुन्हा हलवला, जरा जोराने. मग त्या माझ्याकडे वळल्या. तोंड पांढरं पडलं होतं.

"अगं, झोपेतून हलवलं तरी शिवी आली नाही," त्या म्हणाल्या. "सिस्टरला बोलाव. लवकर."

कडक इस्त्री आली, गोळीकडे बघितलं, चावी फिरवून ती पुन्हा तळाशी आणली आणि डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर तरणा, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. त्याने मामंजींच्या मनगटातून रक्त काढलं, आत नेलं, परत आला तो गंभीर होऊनच.

"ही झोप नाही," तो म्हणाला. "बाहेरची हवा आत जातेय, पण आतला खराब वायू बाहेर पडत नाहीये. अशा जुन्या छातीला प्राणवायू मोजूनच द्यावा लागतो. जास्त झाला की हा खराब वायू आणखी साठतो, आणि माणूस गुंगीत जातो."

"म्हणजे धुराडं तुंबलंय," हे हळूच म्हणाले. "आणि मी खालून वारा घातला."

डॉक्टरने मान डोलावली. "तसंच समजा. आता दोन गोष्टी आहेत. घशात नळी घालून मोठ्या यंत्रावर ठेवणं, ते यंत्र आमच्याकडे नाही. मोठ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत दुपार उलटेल, आणि या अवस्थेत वाटेत काय होईल ते मी सांगू शकत नाही. त्याआधी एक करून बघतो. घशात काहीच घालायचं नाही. तोंडावर घट्ट मास्क लावायचा आणि छोट्या यंत्राने श्वासाला मदत करायची. तास-दोन तासांत फरक पडला तर वाचले. नाही पडला तर पाठवावंच लागेल. फक्त एक आहे, त्यांनी मास्क मानला पाहिजे."

मामंजींनी जन्मात कुणाचं काही मानलेलं नव्हतं.

यंत्र आणलं. डब्याएवढं, त्याला एक जाडसर वळ्यावळ्यांची नळी, आणि टोकाला नाक-तोंड झाकणारा मऊ काठाचा मास्क. सिस्टरने तो लावून बघितला तर बाजूने सूंऽऽ असा वारा सुटायला लागला. कारण होतं मामंजींची मिशी. ही एवढी, दोन्ही गालांवर पसरलेली, उजवीकडून भट्टीने कायमची पिंगट झालेली. मिशीमुळे मास्क बसतच नव्हता.

"काढावी लागेल," सिस्टर म्हणाली. मग ती मामंजींकडे न बघता सासूबाईंकडे वळली. "आजी, तुमची परवानगी हवी. त्यांना विचारता येत नाहीये म्हणून तुम्हाला विचारते."

मला ते आवडलं. कुणी सासूबाईंना काही विचारलं, हेच मी पहिल्यांदा बघत होते.

"मीच काढते," सासूबाई म्हणाल्या. वस्तरा मागितला आणि काढली. खाली निघालेला ओठ पांढुरका, बारीक, लहान मुलासारखा होता. सासूबाई त्या ओठाकडे बघत राहिल्या. "मीसुद्धा बघितला नव्हता हा," त्या म्हणाल्या, आणि केस रुमालात गुंडाळून कमरेला खोचून ठेवले.

मास्क आता बसला. सिस्टरने डोक्यामागून पट्टे आवळले, यंत्र सुरू केलं. थोडा वेळ बरं चाललं. तेवढ्यात गुंगी जरा ओसरली असावी, मामंजींनी डोळे उघडले, तोंडावर काहीतरी आवळलेलं दिसलं, आणि त्यांनी दोन्ही हातांनी ते ओरबाडायला सुरुवात केली. सिस्टर वाकली तर एक फटका तिच्या जबड्यावर बसला. लोहाराचा हात. आजारी असला म्हणून काय झालं. हे धावले बापाचे हात धरायला.

"सोडा," सिस्टर म्हणाली. "धरू नका त्यांना. मारता येतंय म्हणजे जागे झालेत, चांगलंच आहे." जबडा लाल झाला होता, पण तिने हातसुद्धा लावला नाही तिथे.

तिने पट्टे पूर्ण सोडले. मास्क हातात घेऊन आधी मामंजींच्या तळहातावर धरला. वारा तळहाताला लागला तसे मामंजी थांबले.

"मामा," ती त्यांच्या कानाशी बोलली, अजिबात आवाज न चढवता. "हा वारा आहे. तुम्हाला कोंडत नाही तो. तुम्ही आत ओढलंत की देतो, बाहेर सोडलंत की मागे सरतो. बांधणार नाही मी. हातात धरते. नको वाटलं की माझा हात बाजूला करा, मी काढेन. एकदा बघा फक्त."

तिने मास्क नुसता टेकवला. मामंजींनी एक श्वास घेतला आणि तिचा हात ढकलला. तिने खरंच काढला. पुन्हा टेकवला. दोन श्वास. ढकलला. काढला. किती वेळा ते झालं कोण जाणे. आमच्या घरात एवढा वेळ कुणी कुणाचा हट्ट सोसला नसता. ती वाकून उभीच. खिडकीत तिचा जेवणाचा डबा होता, तो तसाच बंद. दुसरी सिस्टर येऊन म्हणाली, मी धरते, तर ही म्हणाली, "आत्ता नको. आत्ता हात बदलला तर बिथरतील." तिचं कोपर थरथरत होतं. मी न विचारता तिच्या कोपराखाली माझा हात दिला. तिने तो घेतला.

मला माझी लाज वाटली असं नाही, पण कडक इस्त्री हे नाव मी तिथेच मागे घेतलं.

मामंजींचा श्वास मात्र जुळत नव्हता. घाबरून ते उथळ ओढत होते, निम्म्यातच सोडत होते. डॉक्टर दोनदा येऊन घड्याळ बघून गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा बाहेर गाडी तयार ठेवायला सांगून गेला, ते आम्ही ऐकलं.

सासूबाई खाटेच्या पायथ्याशी बसल्या होत्या. त्यांची उजवी मूठ मांडीवर वळलेली होती आणि हळूहळू वरखाली होत होती. साखळी धरल्यासारखी. त्यांना पत्ताच नव्हता. मूठ खाली यायची, जरा थांबायची, आणि सावकाश वर जायची. मामंजींचे डोळे भिरभिरत होते, ते त्या मुठीवर आले. पुढे गेले. परत आले. आणि तिथेच राहिले.

सिस्टरला दिसलं ते. "आजी," ती म्हणाली, "थांबू नका. जरा इकडे, त्यांच्या समोर या."

सासूबाई दचकल्या, आपल्या मुठीकडे बघितलं, आणि उठून समोर बसल्या. मूठ खाली. मामंजींनी ओढलं, यंत्राने दिलं. मूठ वर जायला लागली, सावकाश, भट्टीत निखारा नुसता जिवंत ठेवायचा असतो तेव्हा जाते तशी. मामंजींनी सोडलं, लांब सोडलं. "असंच मामा, असंच," सिस्टर म्हणत राहिली. "सोडायला वेळ घ्या. सगळं बाहेर जाऊ दे." यंत्र, मूठ आणि म्हातारा, तिघांचं एक झालं. मानेच्या शिरा हळूहळू आत गेल्या. मग सिस्टरने एक पट्टा अडकवला. मामंजींनी हात ढकलला नाही. मग दुसरा.

डॉक्टरने पुन्हा मनगटातून रक्त घेतलं. आत गेला, परत आला, आणि दारातूनच हसला. "खराब वायू उतरतोय," म्हणाला. "गाडी नको."

हे बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले, डोकं गुडघ्यांत घालून. सिस्टर आता कुठे डबा घेऊन तिकडे आली आणि त्यांच्या शेजारीच पायरीवर बसली. "तुमची एकट्याची चूक नाही," ती म्हणाली. "मी हात लावू नका म्हटलं. का लावू नका ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही लावला नसता." तिने अर्धी पोळी ह्यांच्या हातावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सिलिंडरवर एक पाटी आली, मोठ्या अक्षरांत: जास्त हवा म्हणजे जास्त बरं असं नाही, आधी विचारा. एवढी मोठी सिस्टर, पण चूक आपलीही होती म्हणायला तिची जीभ अडखळली नाही. आमच्या घरात असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नव्हतं.

पुढचे दिवस मास्क चढवायचा आणि उतरवायचा यात गेले. मामंजींच्या नाकाच्या हाडावर व्रण पडू नये म्हणून सिस्टर मऊ पट्टी लावायची. मध्ये मध्ये मास्क काढून दोन घोट पाणी. मास्क असताना खायचं नाही, सासूबाईंची पेज तशीच गार व्हायची. आणि सासूबाई सारख्या समोर, मूठ चालू. मी म्हटलं, "आत्या, आता यंत्र बघतं सगळं. झोपा जरा." तर म्हणाल्या, "यंत्राला बघू दे. मी काय अडवलंय?"

एका दुपारी मास्क काढला होता. सासूबाई बसल्या बसल्या पेंगल्या. मूठ मांडीवर थांबली. मामंजी तिकडे बघत होते. त्यांनी ओठ ओले केले, दोनदा हवा घेतली, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले,

"मेलीस का गं तिकडे?"

सासूबाई खाडकन जाग्या झाल्या, मूठ आपोआप खाली गेली, आणि मग त्यांना समजलं. तोंडावर हात ठेवून त्या हसल्या आणि हसता हसता रडल्या. पलीकडच्या खाटेवरची बाईही हसली, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. ज्या शिवीसाठी मी मामंजींना दोनदा वाढलं नव्हतं, तीच ऐकून मला त्या दिवशी पेढे वाटावेसे वाटले.

मामंजींनी ओठावरून बोट फिरवलं. मिशी नाही हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा आम्ही सगळे श्वास रोखून बसलो.

"कुणी काढली?"

"मी," सासूबाई म्हणाल्या.

"नीट काढलीस," ते म्हणाले. "कापलं नाही कुठे."

बस्स. तेवढंच. सासूबाईंनी कमरेचा रुमाल हळूच चाचपला.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी सिस्टर यंत्र पुसत होती. मामंजींनी तिला विचारलं, "सिस्टर, याला कसं कळतं मी कधी ओढणार ते? मी तर काही सांगत नाही."

"तुम्ही जराशी ओढ घेतलीत की त्याला जाणवते, मामा. तुमच्या श्वासाकडेच लक्ष लावून बसलेलं असतं ते."

"आणि चुकलं कधी तर?"

"तर आम्ही दुरुस्त करतो."

"ओरडत नाही?"

सिस्टर हसली. "ओरडून काय होतं? ओरडायलाही श्वासच लागतो ना."

मामंजींनी सिस्टरच्या जबड्याकडे बघितलं. तिथे अजून पिवळट डाग होता. आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. ते हात जोडलेले मी पहिल्यांदाच बघितले. काळे, भेगाळलेले, बोटं नीट जुळत नव्हती.

घरी आलो तर विळ्यांचा ढीग तसाच. मामंजींना धुराजवळ जायची सक्त मनाई, म्हणून त्यांची खाट दाराबाहेर, वारा ज्या बाजूने येतो तिकडे टाकली. तिथून त्यांना भट्टी दिसायची. हे ऐरणीपाशी उभे राहिले, सासूबाई भात्यावर. ह्यांना घाम फुटला होता. पहिल्यांदाच एकट्याने पाणी पाजायचं होतं. विळा निखाऱ्यात घातला, रंग चढायला लागला, आणि घाबरलेला माणूस करतो तेच ह्यांनी केलं. बापाचाच आवाज निघाला तोंडातून.

"आई, वारा! झोपलीस का? आत्ता—"

"गप्प," बाहेरून आवाज आला.

हे वळले. मामंजी खाटेवर उठून बसले होते, हात गुडघ्यांवर. बोलायला त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागलं.

"तिला सांगायचं नसतं. तुझं लोखंड कधी ओढ घेतं... ते तिला तुझ्याआधी कळतं. मला सांगावं लागलं नाही कधी. मी नुसताच ओरडायचो." त्यांनी लांब श्वास सोडला, सिस्टरने शिकवला होता तसा. "तू तुझ्या पात्याचा रंग बघ."

सासूबाईंनी मान वर केली नाही. साखळी धरलेला हात मात्र वरच राहिला. खाली यायचाच विसरला. निखारे काळवंडले, पात्याचा रंग उतरला, विळा पुन्हा तापवावा लागणार होता.

त्या घरात भात्याचा वारा चुकलेला मी पहिल्यांदाच बघितला. कुणी ओरडलं नाही.